रिकामी धरलेली जागा

"तिला रस्त्याखाली जाऊ देऊ नको," माय म्हणाली तेव्हा मी मोटारसायकलची चेन ताणत होतो, आणि 'ती' म्हणजे कोण हे मला पटकन कळलंच नाही.

ती म्हणजे माझी थोरली बहीण. तिला नाव नाही, कारण बारशाच्या आधीच ती गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्याकडे इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत. शेतात बांधाच्या कडेला पुरतात आणि कुत्र्याकोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर एक चपटा दगड टाकून माती लोटतात. पुरायला पुरुष जातात. बाळंतीण घरातच राहते आणि जागा कुठली ते तिला कुणी सांगत नाही. आई तिथं जाऊन रडली की पुढचं लेकरू टिकत नाही, अशी समजूत आहे. मायनं विचारलं तेव्हा वडील एवढंच बोलले, "बांधाला." वडलांना आम्ही आबा म्हणायचो. पुढं मी झालो, टिकलो, आणि तो विषय तिथंच मिटला. निदान मला तसं वाटत होतं.

आबा मागच्या थंडीत गेले. त्याआधी काही महिने ते अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या दिवसांत एकदा मायनं त्यांना परत विचारलं. मी तिथंच बसून त्यांच्या गोळ्यांची पूड करत होतो. "आता तरी सांगा की," ती म्हणाली, "कुठं ठिवलं तिला?" आबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात उचलला, बोटं जुळवली आणि तोंडाशी नेली. माय लगबगीनं उठली, ज्वारीच्या पिठाची पेज करून आणली आणि चमच्यानं पाजायला लागली. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा तीच खूण केली. पुन्हा चमचा पुढं आला, तेव्हा पेज हनुवटीवरून ओघळली. "डोस्कं ठिकाणावर न्हाई राह्यलं आता," माय म्हणाली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मलाही तसंच वाटलं.

पुरायला आबांबरोबर गेलेले आजोबा आणि चुलते त्यांच्याही आधी वारले होते. म्हणजे जागा ठाऊक असलेलं आता कुणीच उरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मोजणीवाले आले. शहागडकडे जाणारा रस्ता रुंद होणार, त्यात आमचा रस्त्याकडचा बांध आणि आतली थोडी पट्टी जाणार, असं सांगून त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या. गावात सगळीकडे मोबदल्याच्या गप्पा सुरू झाल्या. माय मात्र त्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालत राहायची. "ट्रकं जातील तिच्या अंगावरून," ती म्हणायची. मी म्हणालो, जेसीबी लावून बांध उकरून बघू. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. "लोखंडाचे दात लावतो का तिला?"

मी तापट माणूस आहे. माणसांशी माझं फारसं जमत नाही, यंत्रांशी जमतं. जालन्याच्या एमआयडीसीत सळया काढणाऱ्या एका मिलमध्ये मी पॅनेल, मोटारी आणि सेन्सर सांभाळतो. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं आणि नेटानं शोधलं की ते सापडतं, एवढ्या एका विश्वासावर माझी आजवरची नोकरी चालली आहे. तर झालं असं की मिलच्या आवारात मागं एकदा जमिनीतली केबल शोधायला बाहेरून लोक आले होते. लहान मुलांच्या गाडीसारखं एक यंत्र ते जमिनीवरून ढकलत न्यायचे आणि खाली काय आहे त्याचं चित्र पडद्यावर उमटायचं. रडारच ते, फक्त आकाशाऐवजी जमिनीत बघणारं. रेडिओची लाट खाली सोडायची, दगडाला किंवा पाइपाला आपटून ती परत आली की किती वेळ लागला ते मोजायचं, आणि यंत्र पुढं सरकवत जाऊन त्या सगळ्या मोजण्या शेजारी शेजारी मांडायच्या. तसलं यंत्र भाड्यानं आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मी ठरवलं, आपणच करू. घरात कुणीही मला वेड्यात काढलं नाही, यावरूनच मायची अवस्था कळावी.

जालन्यात भंगाराला तोटा नाही. भट्ट्याच त्याच्यावर चालतात. मिलच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं भंगाराचं दुकान आहे. तिथं केबल टीव्हीवाल्यांनी टाकून दिलेले, सिग्नल वाढवणारे डबे पोत्यांनी पडलेले असतात, शिवाय जुन्या टीव्हीतले ट्यूनर, तारा, पिना. मला हवं ते बहुतेक सगळं त्यातच होतं. मी उकिडवा बसून निवडत असताना चाचांनी विचारलं, "क्या बनारे साब? पानी देखने का मशीन?" मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या खेपेला मात्र खोटं बोलवेना, खरं काय ते सांगितलं. चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

"अम्मा को मालूमच नै?" ते म्हणाले. "इत्ते साल?"

"न्हाई."

"हमारे में माँ मिट्टी देने नै जाती, लेकिन उसको पता तो रहता ना, कबर किधर है."

ते आत गेले आणि स्वतःसाठी राखून ठेवलेली, जाड तांब्याची चांगली केबल घेऊन आले. मी केबलीचंच कौतुक करत बसलो.

घरी आलो आणि गोड्या तेलाचे पंधरा किलोचे डबे कापले. पत्र्याचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून बसवले की झाला अँटेना, एक जोडी लाट सोडायला, एक पकडायला. बायको म्हणाली, आता ज्वारी तुमच्या डोक्यात भरून ठेवू का? परत आलेली लाट पकडायला टीव्ही बघायची जुनी यूएसबी काडी होती, ती पोराच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. वीज मोटारसायकलच्या बॅटरीची. सगळं एका प्लायवूडच्या पाटावर ठोकलं, मागं सायकलचं चाक लावलं आणि चाकाला लोहचुंबक, म्हणजे पाट किती सरकला ते लॅपटॉपला कळावं. पुढं दोरी. ध्यान दिसत होतं, पण चालत होतं. अंगणात पुरलेली पाण्याची पाइप त्यानं पहिल्याच दिवशी दाखवली. जमिनीतली वस्तू पडद्यावर पालथ्या वाटीसारखी, कमान होऊन उमटते. ती कमान बघून माय पहिल्यांदा हसली.

काळ्या मातीचा एक दोष आहे. ओली असली की ती लाट गिळून टाकते, काही परत देत नाही. त्यामुळे मला पुरतं ऊन तापायची वाट बघावी लागली. तापल्यावर भेगा पडल्या, आणि प्रत्येक भेग आपापला प्रतिध्वनी पाठवायला लागली. वर गावची मंडळी. भर उन्हात एक माणूस बांधावरून पाट ओढतोय आणि लॅपटॉपवर टॉवेल धरून बघतोय म्हटल्यावर गुप्तधनाशिवाय दुसरं काय असणार? चहाच्या टपरीवर मला विचारायचे, "हंडा लागला का न्हाई? बराबर वाटा करा बरं." मी चिडायचो. मी चिडलो की त्यांची खात्री पटायची.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी यंत्राची एक खोड सांगायला हवी. अशा घरगुती यंत्राचा स्वतःचाच गोंगाट फार असतो. सोडलेली लाट डब्यात, तारांत घुमत राहते आणि कच्च्या चित्रात नुसते पट्टेच पट्टे दिसतात. त्याला उपाय असा की रोज काम सुरू करताना यंत्र आधी अशा जमिनीवरून ओढायचं, जिच्या पोटात काही नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ते रिकामं चित्र मग दिवसभराच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचं. गोंगाट जातो, उरतं ते जमिनीतलं.

अशी रिकामी जागा मला शोधावी लागली नाही. आमची जेवायची जागा होती.

आमच्या रानाच्या मधोमध खाटेएवढा एक कडक, सपाट तुकडा आहे. पूर्वी तिथून मधला बांध जायचा, अलीकडं आमचं, पलीकडं चुलत्यांचं, आणि त्या बांधावर एक बाभळ होती. माझ्या लहानपणीच दोन्ही तुकडे आमच्याकडे आले, ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून बांध मोडला, बाभळ तोडली. पण बाभळीखाली जेवायला बसायची आबांची सवय काही मोडली नाही. सावली गेली तरी ते तिथंच बसायचे. पलीकडं विहिरीजवळ चांगला डेरेदार लिंब असताना आम्ही सगळे कापसाच्या मधोमध उन्हात बसून भाकरी खायचो. तेवढा तुकडा त्यांनी कधी नांगरू दिला नाही. ट्रॅक्टरवाल्याला तिथून वळसा घालावा लागायचा आणि तो जाता जाता काहीतरी बोलायचाच. मायचं तर दर हंगामाला ठरलेलं भांडण. "सावली सोडून हितं कशाला मरायचं?" ती करवादायची. आबा भाकरीचा पहिला घास मोडून मातीवर ठेवायचे, मुंग्यांना म्हणून, आणि शांतपणे म्हणायचे, "बस. जरासं ऊन लागंल." मी मोठा झाल्यावर मायच्या बाजूनं भांडायचो. आबांना हट्टी म्हणायचो. ते हसायचे.

तर त्या तुकड्यावर नांगर नाही, मुळ्या नाहीत, भेगासुद्धा कमी. रोज सकाळी मी यंत्र आधी तिथून ओढायचो आणि मग बांधाला जाऊन तेवढ्याच लांबीच्या ओढी घ्यायचो. माय पाण्याची कळशी घेऊन मागं मागं. एखादी कमान उमटली की मी खुरप्यानं माती सारायचो आणि ती शेजारी बसून बघायची. एकदा मोडका फाळ निघाला. एकदा प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. बऱ्याचदा उंदरांची बिळं. एकदा खरोखरच दगड लागला, चपटा, गुडघाभर खोल. मायनं मला बाजूला सारलं आणि हातानं माती काढायला लागली. दगड पूर्ण मोकळा झाला तेव्हा त्याच्या अंगावर मोजणीची जुनी खूण दिसली. हद्दीचा दगड होता. तिनं त्याच्यावर माती परत नीट लोटली, मला वाटतं सवयीनं, आणि म्हणाली, "मानसाला आपल्या लेकराचा दगड वळखू येऊ नये. कसली माय मी?" मी म्हणालो, असं काही नसतं. याहून बरं काहीतरी बोलता यायला हवं होतं.

त्यात यंत्रानं एक नवीनच नाटक सुरू केलं होतं. बांधावरच्या प्रत्येक चित्रात, चाक तितकंच फिरलं की त्याच ठिकाणी एक कमान उमटायची, पण उलट्या रंगाची. जिथं उजळ दिसायला हवं तिथं काळी, काळी तिथं उजळ. जमिनीतली वस्तू अशी दर ओढीत ठरल्या जागी कशी येईल? म्हणजे दोष यंत्रात. मी पिना बदलल्या, डाग पुन्हा दिले, चाकावरचं लोहचुंबक काढून लावलं. काही फरक नाही. एक दिवस डोकं इतकं फिरलं की अँटेनाचा डबा मी उचलून आपटला आणि मग भर दुपारी त्याला पडलेला पोचा ठोकून सरळ करत बसलो. रस्त्याची यंत्रं पलीकडच्या गावापर्यंत आली होती. त्यांची घरघर आमच्या रानात ऐकू यायची. माय त्या आवाजाकडे पाठ करून बसायची.

मग एक दिवस शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं आमचा कडबा आणून टाकला आणि तो नेमका जेवायच्या जागेवर टाकला. मी त्याला चार शब्द सुनावले. पेंढ्या उचलत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्या दिवशीचं रिकामं चित्र मी पलीकडं, विहिरीच्या वाटेवर घेतलं. बांधाला गेलो, पाट ओढला, आणि चित्र स्वच्छ आलं. ती उलटी कमान गायब. पुन्हा ओढला. गायब. मी इतका खूश झालो की बांधावर बसून एक विडी ओढली. यंत्र सुधारलं!

विडी संपत आली तसं माझ्या मनात आलं की यंत्र आपोआप सुधारत नाही. तीस वर्षांच्या आसपास हेच काम केलंय, एकही सुधारलेलं बघितलं नाही. मग आज काय बदललं? फक्त रिकामी जागा बदलली. जे चित्र मी रोज वजा करत होतो त्यात जर काही असेल, तर ते प्रत्येक चित्रात उलटं होऊन दिसणारच. हिशेब साधा आहे. मिलमध्ये एखाद्या नवख्यानं अशी चूक केली असती तर मी त्याची पाठ सोलली असती.

मी उठलो. कडब्याच्या पेंढ्या एकेक करून बाजूला टाकल्या. पाट त्या तुकड्यावरून ओढला, पुढून, मग मागून, मग आडवा. कमान आली. सुलट, पुरी, गुडघ्याहून जरा जास्त खोल, बाकी सगळीकडे कोरं. ज्या जागेला मी रोज सकाळी 'इथं काही नाही' म्हणून धरत होतो, तिथंच. मी मधोमध एक खुंटी ठोकली आणि तिच्याजवळ खाली बसलो.

'बांधाला' म्हणजे कुठल्या, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. बांध म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं आज असलेला बांध. मोडलेला बांध कोण आठवतो? मोडला तेव्हा आम्हीच टाळ्या पिटल्या होत्या, ट्रॅक्टर सरळ फिरणार म्हणून.

माय भाकरी घेऊन आली. तिनं बाजूला पडलेला कडबा बघितला, पाट बघितला, खुंटी बघितली. "हितं काय करून राह्यलास?" ती म्हणाली. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला, पण तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूहळू खाली बसली, तिच्या नेहमीच्या जागेवर, आबांच्या समोर बसायची तिथं, आणि दोन्ही तळहात मातीवर टेकवले.

मी पहार आणू का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. रस्ता इथपर्यंत येत नव्हता. आता उकरायचं काही कारण नव्हतं.

"बाभळीखाली," ती म्हणाली. "मी तुला झोळीत टाकायचे ना, तवा ते म्हनायचे, हितंच बांध झोळी. ह्याच फांदीला."

"सांगायचं तरी त्यांनी," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. आबांवर इतका राग मला ते असताना कधी आला नव्हता. "मी झालो, शाळेत गेलो, लगीन झालं. मंग तरी सांगायचं!"

"तुझ्यावर येऊ नये म्हनून गप बसले. आन मंग तू कामाला गेल्ता, मी कापूस येचत व्हते, आमचं आमचं भांडन चाललं व्हतं. कवा सांगतील?" ती खुंटीकडे बघत म्हणाली. "सांगितलं न्हाई. पर बसवलं की रोज. तिघंबी, तिच्यापाशी. मीच उठून सावलीला पळायचे."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं फडकं सोडलं, भाकरी काढली, घास मोडला आणि तो हातात धरून तशीच थांबली. तिचा हात तोंडाजवळ होता, बोटं जुळलेली. त्या हाताकडे ती अशी बघायला लागली की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"माय?" मी म्हणालो.

"ते सांगत व्हते रे," ती म्हणाली. "मी इचारलं, आन त्यांनी बिलकुल बराबर सांगितलं. दोनदा सांगितलं. आन मी त्यांना पेज पाजली."

तो घास तिनं मातीवर ठेवला. मी उठून तिच्या डोक्यावर टॉवेल धरायला गेलो, तर तिनं माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "जरासं ऊन लागंल."